एका रांगेचं कारण

माझ्या प्रबंधाचा विषय होता, एकाच दर्ग्यावर वेगवेगळ्या धर्मांची माणसं कशी येतात. प्रश्न विचारले की माणसं खोटं बोलतात, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमचं मत. म्हणून खोटेपणा मी स्वतःकडे घेतला. रोज सकाळी हात पसरून कबरीसमोर उभा राहायचो आणि पापण्यांच्या फटीतून माणसं मोजायचो. त्यात उदाच्या धुराची मला ॲलर्जी. डोळ्यांतून धार लागायची. सोंग झकास वठलं.

पहिले चार महिने मुसलमान बायका डावीकडे, बाकीच्या उजवीकडे. पाचव्या महिन्यात सगळ्या एका रांगेत उभ्या राहायला लागल्या. मॅडम फोनवर जवळजवळ ओरडल्याच, "अरे, हेच तुझं शेवटचं प्रकरण! कारण शोध आणि शुक्रवारपर्यंत लिहून दे."

नाइलाजाने वही उघडली. कोपऱ्यावर कपडे शिवणारी मावशी रोज यायची, तिला गाठलं.

"मावशी, तुम्ही इथं कशासाठी येता?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"आधी लेकीसाठी यायचे. पण तुझं रडणं बघवेना रे. मुजावर म्हणाला, एवढं तरणंताठं पोर, काहीतरी मोठंच गेलंय त्याचं. मग आम्ही सगळ्याजणींनी ठरवलं, एकत्र उभं राहून आधी ह्याचं मागू. आपापलं थांबेल."

"लेकीला काय झालंय?"

"किडन्या गेल्या दोन्ही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस."

खरं सांगितलं तर रांग मोडणार, म्हणजे प्रकरण गेलं. नाही सांगितलं तर लेक थांबणार. यातलं काय निवडायचं ते ठरवायला मला चांगलं दीड मिनिट लागलं. त्या दीड मिनिटाची लाज सगळ्यात जास्त.

"मावशी, मला काही दुःख नाही. मी इथं माणसं मोजायला येतो. डोळ्यांना धूर सोसत नाही, एवढंच."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग मागे वळून म्हणाली, "अगं ए, पोर आता म्हणतंय, मला दुःखच नाही!"

"अगं बाई! डोक्यावर परिणाम झालाय वाटतं."

"माणसं मोजतंय म्हणे."

"सरका गं, मध्ये घ्या त्याला."

"अहो, लेकीसाठी मागा!" मी कळवळून म्हणालो.

"मागू रे बाळा," मावशीने माझा दंड धरला, "तुझं झालं की लगेच."

मला रांगेच्या मधोमध उभं केलं गेलं. मान काही वर होईना. लांबून बघणाऱ्याला मी अगदी तल्लीन वाटलो असणार.