चिवटांची निवड

आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणतो. त्यांना सगळं कळतं, फक्त ज्याचा पगार मिळतो ते पेशींचं काम सोडून.

आमच्या जुन्या पेशी हॅमस्टरच्या, आणि महानाजूक. साखर जरा कमी पडली, आम्ल जरा वाढलं, की माना टाकायच्या. पण जिवंत असेपर्यंत औषध भरभरून द्यायच्या. एका दुर्मिळ आजाराच्या मुलांना त्याचं इंजेक्शन जातं. सर्वज्ञांना हे नखरे खपेनात. त्यांनी फर्मान काढलं: पेशींना उपाशी ठेवा, दर सोमवारी मेलेल्या फेका, उरलेल्या वाढवा. औषध शेवटी मोजू.

मी वाढवल्या. अकरा वर्षं पेशीच वाढवतेय, पण मला विचारतो कोण! तिसऱ्या महिन्यात गुपचूप औषध मोजलं. जवळजवळ शून्य. निघणार काय डोंबल? औषध बनवणं हे पेशीचं सगळ्यात कष्टाचं काम. उपासमारीत जी राबत राहिली ती मेली, जिने अंग काढून घेतलं ती टिकली. दर सोमवारी आम्ही कामचुकार तेवढ्या निवडत होतो.

सांगायला हवं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, फुगू दे अजून. नवरा मात्र रोज जेवताना हेच ऐकून कंटाळला.

"अगं, सांगून टाक ना एकदाचं," तो म्हणाला.

"मी का सांगू? आपटू दे तोंडावर. सगळ्यांसमोर."

आठव्या महिन्यात संचालकबाईंपुढे बैठक झाली. साहेब छाती काढून उभे. "शहाण्णव टक्के जिवंत! उपाशी ठेवा, आम्लात ठेवा, मरतच नाहीत!"

"आणि औषध किती देतात?"

"ते... आता मोजतोय."

मी माझ्या मोजणीचा कागद पुढे सरकवला. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाईंनी आकडा वाचला. "ठीक. जुन्या पेशींच्या कुप्या गोठवलेल्या आहेत ना? त्या बाहेर काढा."

साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "गेल्या महिन्यात टाकून दिल्या. नव्यांना गोठवायच्या टाकीत जागा हवी होती."

"सगळ्या?"

"सगळ्या."

हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी कागद पुन्हा उचलला आणि या वेळी वरची तारीख वाचली. "हे पाच महिन्यांपूर्वीचं आहे."

माझे कान तापले.

"मला आधी कळलं असतं तर मी त्या टाकल्या नसत्या," साहेब हळूच म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बाईंनी कागद खाली ठेवला. "या औषधावर बावीस मुलं आहेत. शिल्लक साठा सहा आठवड्यांचा. त्यांच्या घरी फोन कोण करणार?"

साहेबांनी हात वर केला. मी केला नाही.