शुक्रवारचं सांगणं

"आज काय सांगतलं वं बाईनं? मले बी सांग."

हा माझ्या बाबांचा आवाज. राजूरच्या कोळसा खाणीतून पहिली पाळी करून ते घरी यायचे, अंगणातल्या दगडावर बसायचे. आई वरून पाणी ओतायची आणि त्यांच्या पाठीवरून काळे ओघळ मोरीकडे धावायचे. डोळ्यांत साबण, तोंडावर फेस, आणि त्या फेसातून हा प्रश्न. मी पाचवी-सहावीत असेन. गणित त्यांना नको असायचं. "ते तुह्यं तू पाह्य," म्हणायचे. त्यांना हवी असायची इतिहासातली माणसं, भूगोलातल्या नद्या. मी सांगत जायची आणि आई भरला तांब्या हवेतच धरून ऐकत राहायची. मग बाबा ओरडायचे, "अवं, थंडी वाजून राह्यली मले. ओत ना!"

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. कधी शाळेची पायरी न चढलेल्या त्या माणसानं सातवीपर्यंतचा इतिहास-भूगोल माझ्याबरोबर त्या दगडावर बसून पुरा केला. आईबापाला ऐकायची भूक असते, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही. तिथं कळलं, ओल्या अंगणात.

आता मी दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावी-सातवीला इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल. रोज काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेत येते, तशीच जाते. वस्ती बंजाऱ्यांची, घरात गोरबोली, शाळेत मराठी, आणि भांडण झालं की दोन्ही. पालकसभेला माणसं थोडी येत. आली की विचारणं ठरलेलं. शिष्यवृत्ती जमा झाली का, दाखल्याला काय कागद लागतात. पोरं वर्गात काय शिकतात हे कोणी विचारत नसे आणि आम्हीही सांगत नसू. शाळेतून घरी निरोप जायचा तो एवढाच, की पोरगं आलं नाही, नाहीतर पोरानं काच फोडली.

म्हणून या जूनमध्ये मी ठरवलं, दर शुक्रवारी संध्याकाळी सहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या आवाजात सांगायचं, या आठवड्यात आपण काय शिकलो. दोनतीन मिनिटं. आणि शेवटी एक प्रश्न द्यायचा, घरी पोराला विचारायला.

आमचे मुख्याध्यापक संजय सर चांगले आहेत, पण तोंडाचे फटकळ. म्हणाले, "मॅडम, सांगाचंच असन तं पाढे सांगा, इंग्रजी सांगा. तुमचं हडप्पा कोण ऐकते?"

मी हडप्पापासूनच सुरुवात केली. पहिल्या शुक्रवारी सांगितलं, की हजारो वर्षांपूर्वी सिंधू नदीकाठी लोकांनी भाजक्या विटांची घरं बांधली, रस्ते सरळ आखले, सांडपाण्याच्या नाल्या वरून झाकल्या. "आज रात्री जेवताना लेकराला विचारा, त्या नाल्या झाकून कायले ठेवल्या असतील?" पाठवलं आणि फोन उशाशी ठेवून वाट पाहत बसले.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर गुलाबाच्या फुलाचं 'शुभ सकाळ' आलं, एवढंच.

मी सांगत राहिले. अक्षवृत्तं सांगितली, मान्सून सांगितला, नकाशा कसा वाचायचा ते सांगितलं. ग्रुपवर कोणाच्या तरी बोकडाचा फोटो यायचा, 'विकणे आहे' म्हणून. निळ्या खुणा दोनचार फोनांच्या, त्याही कधीमधी. ओस वाड्यात हाक मारावी तसं वाटायचं. आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा.

एकदा वर्गात विचारलं, "काय रे, शुक्रवारचं माझं सांगणं घरी ऐकतात का?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही मॅडम," पुढच्या बाकावरची वैष्णवी म्हणाली, "घरी नाही ऐकत कोणी."

खोटं बोलायचं तिला कधी जमलं नाही. तिची आई पुष्पाबाई मला अधूनमधून फाटकाशी दिसायची. यायची, गजाला हात लावून उभी राहायची. मी बाहेर गेले की "काही नाही, असंच" म्हणून मागे फिरायची. मला वाटायचं, बाईच्या मनात माझ्याबद्दल काही तक्रार आहे आणि ती तिला बोलून दाखवता येत नाही.

त्या दिवशी मी खडू ठेवला आणि म्हटलं, "मग दिवाळीपर्यंत सांगते. पुढं बंद."

मला राग नव्हता आला, वाईट वाटलं होतं. ज्या भुकेवर मी वाढले ती इथं नाहीच की काय, हा विचार काळीपिवळीत बसल्यावरही सोबत यायचा.

दसरा झाला. नागरिकशास्त्रात स्थानिक शासनाचा पाठ आला. ग्रामसभा नुसती वाचून कळत नाही, म्हणून वर्गातच भरवायची ठरवली. वैष्णवी सरपंच, एक पोरगा ग्रामसेवक, बाकीचे मतदार. विषय पोरांनीच काढले. हातपंपाचं गढूळ पाणी, मैदानातल्या बाभळी. त्या शुक्रवारी घाईत होते, गाडीवाला हॉर्न देत होता. मी फोन तोंडाशी धरून सांगितलं, "सोमवारी सकाळी अकरा वाजता शाळेत ग्रामसभा आहे. पाणी आणि मैदान हे विषय आहेत. ग्रामसभेत गावातल्या प्रत्येक मतदाराला बोलायचा हक्क असतो, बायांनाही. बाया गप्प राहिल्या तर सभा अर्धीच राहते." आणि पाठवून दिलं.

ही सभा पोरांची आहे, हे सांगायचं राहून गेलं.

सोमवारी आम्ही वर्गात बाकं सरकवत होतो. वैष्णवीनं आईची ओढणी फेट्यासारखी गुंडाळली होती. तेवढ्यात संजय सर दारात आले. चेहरा पांढरा.

"मॅडम, हे काय करून ठेवलं तुम्ही? बाहेर पाहा."

फाटकातून माणसं येत होती. म्हातारे, काठ्या टेकत. डोक्याला दुपट्टी बांधलेले गडी. आणि मागून बाया, थेट कापसाच्या शेतातून, कमरेच्या ओट्या तशाच बांधलेल्या, ओट्यांत अर्धा वेचलेला कापूस. लिंबाखालचं पटांगण भरत चाललं. पांढऱ्या पोटाच्या बगळ्यांचा थवा उतरावा तशा त्या बाया एकमेकींना खेटून बसल्या.

वेचणीचे दिवस. माणसं रोजी टाकून आली होती, माझ्या एका विसरण्यापायी. मी धावत बाहेर गेले. हात जोडले. म्हटलं, "माफ करा. ही खरी ग्रामसभा नाही. लेकरांचा पाठ आहे. माझ्याकडून सांगायचं राहिलं."

एक गडी उठला, धरमसिंग. ग्रुपवर बोकड विकणारा हाच.

"म्हंजे सरपंच नाही येत?"

"नाही दादा."

"तं मंग त्यात नवं काय हाय? तो खऱ्या ग्रामसभेले बी येत नाही!"

अख्खं पटांगण हसलं. म्हातारे हसताना खोकले. कोणीतरी मागून म्हणालं, "आमची अर्धी वेचाई गेली ना पण." त्याला बाजूच्या बाईनं ढोसलं, "तुही कोणती वेचाई? तू तं खाटीवरून उठून आलास."

तेव्हा धावजीबाबा उठले. तांड्यातले सगळ्यांत वयस्कर. पूर्वी तांड्यात निरोप फिरवायचे तेच. उंच दगडावर उभं राहून हाळी द्यायचे, असं पोरांकडून ऐकलं होतं.

"म्याडम," ते म्हणाले, "माफी कायची? तुम्ही दर शुकरवारी सांगता, आम्ही दर शुकरवारी ऐकतो. या खेपेले ऐकून आलो, एवढंच."

मला वाटलं, म्हातारा माझं मन राखतो आहे.

"कुठं ऐकता बाबा?" मी विचारलं. "कोणाच्याच फोनवर दिसत नाही."

"फोनले रेंज कोठी हाय घरात? तांड्याच्या नाईकाच्या ओट्यावर येते तेवढी. या धरम्याचा फोन आम्ही देवळाच्या भोंग्याले लावतो. दिवे लागले का समदे ओट्यावर. ज्याले मराठी उमजत नाही त्याले मी गोरबोलीत सांगतो. तुमचं भलकसं लांब राह्यते, मी त्याचं गाणं करतो."

"म्हणून दाखव ना, बुढ्या," धरमसिंग म्हणाला. "म्याडमले बी ऐकू दे."

धावजीबाबांनी कानावर हात ठेवला आणि थरथरत्या पण लांब जाणाऱ्या आवाजात म्हटलं,

"आडवी रेघ, उभी रेघ, धरतीची झाली चौपट,
कोन्या घरात तांडा आपला, पाह्य लेका झटपट."

अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं. माझा श्रावणातला एक शुक्रवार. मी मटकन पायरीवर बसले. घरी नाही ऐकत कोणी, वैष्णवी अगदी खरं म्हणाली होती. घरी नव्हतेच ऐकत. अख्खा तांडा एकाच फोनभोवती बसून ऐकत होता आणि मी इकडे निळ्या खुणा मोजून झुरत होते.

संजय सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "हडप्पाचं बी गाणं असन का हो यायच्याजवळ?" मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते मी पदरानं पुसलं.

"बसलोच हाव तं सभा होऊ द्या," धावजीबाबांनी सांगितलं. "लेकरायची तं लेकरायची. सभा तं हाय."

मग वर्गातली खुर्ची लिंबाखाली आली. वैष्णवी फेटा सावरून तीवर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. पाण्याचा विषय निघाला. मतदार झालेली पोरं बोलली, मागोमाग थोरलेही बोलू लागले, दोघे तर एकाच वेळी.

"हात वर करा, मंग बोला," सरपंचानं खडसावलं.

"हो, सरपंचबाई," धरमसिंगनं हात वर केला. "माह्या बोकडाचा विषय घेता का?"

"विषयपत्रिकेत नाही. खाली बसा."

तिचा बाप सुनील मागच्या रांगेत होता. मांडीवर थाप मारून तो शेजाऱ्याला म्हणाला, "घरी बी असंच बोलते मले." पण त्याची छाती दोन बोटं वर आली होती.

बाभळी तोडायचं ठरलं, येत्या रविवारी, सगळ्यांनी मिळून, खरोखरच. खोट्या सभेत खरा ठराव. ग्रामसेवक झालेल्या पोराला पाटीवर लिहिताना धाप लागली. मग वैष्णवीनं पाठात होतं तसं विचारलं, "बायांपैकी कोणाले बोलाचं हाय का?"

बायांच्या घोळक्यात कुजबुज उठली. कोपरं एकमेकींना लागली. "तू ऊठ." "मी नाही वं, तूच ऊठ." पण उठलं कोणी नाही. मी सभा संपली असं सांगायला उठणारच होते.

तोच पुष्पाबाई उभी राहिली. ओटीतला कापूस दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. नजर जमिनीवर. मागून सुनील म्हणाला, "काय वं, तुले काय..." पण सरपंचानं बापाकडे पाहिलं आणि तो गप्प बसला.

"माहा विषय यायच्या यादीत नाही," पुष्पाबाई म्हणाली.

वैष्णवी गोंधळली. माझ्याकडे पाहू लागली. मी मान हलवली.

"बोला," वैष्णवी म्हणाली. मग हळूच, घरी आईला म्हणते तसं, "बोल ना, याडी."

पुष्पाबाईनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. फाटकाशी उभी असायची तेव्हा तिनं असं कधीच पाहिलं नव्हतं.

"पोरगी सांगे, म्याडम दिवाळीनंतर बंद करणार हायेत. मनून बोलतो. मले शाळा नाही, बोलाचं कसं तेबी मालूम नाही. पोरीसंगं बोलाले माह्याजवळ दोनचारच गोष्टी राहत. जेवली का? झोप आता. सकाळी उठ, भांडे घास. बस. ती मोठी होऊन राह्यली, अन् माह्यापासून दूर चालली, असं वाटे. मंग तुमचा तो पह्यला शुकरवार आला. ती घरी चुलीपाशी होती, मी ओट्यावरून ऐकून आली. रातच्याले मी इचारलं तिले, बाई वं, त्या नदीकाठच्या लोकायनं नाल्या झाकून कायले ठेवल्या असन? तिनं घास तसाच हातात धरला. म्हणे, याडी, तुले कसं माईत?"

ओटीतून दोन बोंडं खाली पडली, तिनं ती उचलली नाहीत.

"तवापासून आम्ही मायलेकी बोलतो. कापूस वेचता वेचता मी शुकरवारची वाट पाह्यतो. हे सांगाले मी कितींदा तुमच्या फाटकापाशी आलती. जीभच उचले ना. आज समद्यायच्या म्होरं सांगतो. बंद नका करू, म्याडम. माह्या लेकीले माह्याजवळ आणून देलं तुम्ही."