तीन चाकं आणि घंटी

चित्रात ऑटो होता आणि खाली इंग्रजीत छापलं होतं, रिक्षा. आता गोंदियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, दहा जण कोंबून धूर सोडत जातो तो ऑटो. रिक्षा ती, जी माणूस पायडल मारून ओढतो. पण पुस्तकं छापणाऱ्यांना कोण सांगणार?

दुर्गेश्वरीची या शाळेतली सहा महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. पुण्याहून आलेल्या तपासनीस रुची मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. तास पसंत पडला तर नोकरी पक्की, नाही तर घरी. तिनं चित्र वर धरलं आणि पहिलीची पोरं एका सुरात म्हणाली, "ऑटो."

"चूक," मॅडम मागून म्हणाल्या. "त्यांना सांगा, रिक्षा."

दुर्गेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या बापानं, शालीकरामनं, स्टेशनसमोर बावीस वर्षं रिक्षा ओढली. त्याच रिक्षावर ती शिकली. मग ऑटो आले आणि त्याची सवारी गेली. गुडघे त्याआधीच गेले होते. आता राहिलेलं नावही ऑटोनंच घ्यायचं? वा रे न्याय.

"मॅडम, पुण्यात याले रिक्षा म्हणतात, ते सांगते मी पोरांना. पण ऑटोला चूक नाही म्हणणार."

तिनं खडू उचलला. फळ्यावर तीन चाकं, पायडल आणि गमछा बांधलेला माणूस काढला. "ही रिक्षा," ती पोरांना म्हणाली.

मॅडम उठून पुढं आल्या. "शाळेत एकच शब्द चालेल, पुस्तकातला. ते पुसा आणि तास पुन्हा घ्या. नोकरी हवी आहे ना?"

"हवी आहे." हवीच होती, खोटं कशाला बोलायचं. तिनं डस्टर घेतलं आणि मॅडमच्या हातात दिलं. "पण माझ्या बापाले मी नाही पुसत. तुम्ही पुसा."

घरी शालीकराम ओसरीत गुडघ्यांना तेल चोळत बसला होता.

"लागली काय नवकरी?"

"नाही."

"काऊन?"

तिनं सगळं सांगितलं. बाप आता चिडणार, असं तिला वाटलं. त्यानं तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"चित्रातल्या रिक्षाले घंटी काढली होती काय?"

"राह्यली."

"मंग अर्धीच काढली," शालीकराम म्हणाला. "घंटी वाजवल्याबिगर रस्ता कोन सोडते?"