जिन्यातला खोकला

लेकीला गादीवर टेकवलं मात्र, तिचा श्वास पुन्हा घरघरायला लागला. त्याने घाईघाईने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि खिडकी ते दार येरझाऱ्या सुरू केल्या. तिचं अंग नुसतं भाजत होतं. त्याच्या सदऱ्यावर अजून लाकडाचा भुसा होता. खालच्या कारखान्यात कपाटाच्या फळीला रंधा मारत असताना तिचं रडणं ऐकलं, तसा तो हातातलं काम टाकून वर धावला होता.

फोनवर बायको होती. ती इस्पितळात नर्स. ड्युटी सोडून निघता येत नव्हतं.

"आडवी अजिबात करू नका. खांद्यावर उभीच धरा. डॉक्टर निघालेत, येतीलच."

"आणि अब्बा वर आले तर?"



"तुमची लेक आहे," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

तिला बोलायला काय जातंय! बापाच्या डोळ्यांदेखत स्वतःचं मूल कडेवर घेणं या घरात कुणी केलं नव्हतं. वडीलधाऱ्यांपुढे आपल्या पोराचे लाड करणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा, हे ऐकतच तो वाढला होता. अब्बांनी आपल्याला कधी उचलल्याचं त्याला आठवत नव्हतं. बायकोने मात्र त्याला चांगलाच वळणावर आणला. लंगोट बदलणं, भरवणं, थोपटून झोपवणं, सगळं तो शिकला, पण चोरून. ही चोरी पचायचीही, कारण अब्बांना खोकल्याची खोड होती. जिन्याच्या पायथ्याशीच ते मोठ्याने खोकायचे. तेवढ्या वेळात लेक खाली ठेवून हा साळसूदपणे बाजूला उभा! बायकोला हसू आवरायचं नाही.

"काय हो, अब्बांना खोकला नेमका जिन्यातच बरा येतो?"

आणि आता तोच खोकला आला.

सवयीने तो गादीकडे वाकला. लेकीचा श्वास अडकला, तिने त्याची कॉलर मुठीत घट्ट धरली. तो तसाच सरळ झाला. खाली पुन्हा खोकला, या वेळी जरा जास्तच मोठा. मग पायऱ्या वाजल्या, आणि अब्बा दारात उभे राहिले.

"अब्बा, आडवी केली की हिला श्वास घेता येत नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हणून..."

शरमेने कान तापले होते, पण लेकीभोवतीचा हात त्याने सोडला नाही.

कारखान्यात सगळे अब्बांना उस्ताद म्हणत. त्यांनी नुसतं बघितलं तरी कारागिरांची गप्पाष्टकं बंद पडत. ते थोडा वेळ नातीकडे बघत राहिले.

"मान धर तिची. कलंडतेय."

मग त्यांनी खिडकी सताड उघडली आणि दोघांकडे पाठ करून बाहेर बघत उभे राहिले.

"माझे अब्बा खोकायचे नाहीत," ते बाहेर बघतच म्हणाले. "पावलंसुद्धा वाजायची नाहीत त्यांची. तू असाच तापाने फणफणला होतास. तुझी अम्मी औषध आणायला गेलेली. मी तुला घेऊन फिरत होतो. वळून बघतो, तर ते दारात."

"मग?"

"घाबरलो. हात सुटले माझे."

लेकीला एका हाताने सावरत त्याने दुसरा हात आपल्या भुवईवरच्या जुन्या खुणेवर ठेवला. पाळण्यातून पडला होतास, असं अम्मी सांगायची.

खाली डॉक्टरांची स्कूटर थांबली. अब्बा मागे न बघता त्यांना आणायला निघून गेले.

थोड्या वेळाने जिन्यावर दोघांची पावलं वाजू लागली. लेकीला छातीशी धरून तो सवयीने कान देऊन उभा राहिला.

पावलं वर येत राहिली. खोकला काही आला नाही.