आमच्या बाईंना तहान का लागत नसे

मित्रांनो, माळ्यावरच्या अंधारातून उठून थेट समुद्रावर जाऊन आलेला मी एक जुना थर्मास आहे. अंगावर निळा पत्रा, डोक्यावर पेल्याचे काम करणारे झाकण आणि कुशीला एक पोचा. एकदा बसच्या पायरीवरून घरंगळलो होतो, त्याची ती खूण.

माझे खरे शरीर मात्र तुम्हाला दिसत नाही. ते आत आहे. काचेच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही. कारखान्यात एकाने तापलेली काच फुंकून मला आकार दिला, दुसऱ्याने चांदीसारखा मुलामा चढवला आणि तिसऱ्याने दोन भिंतींमधली हवा ओढून घेऊन भोक बंद केले. त्या रिकाम्या जागेमुळेच गरम ते गरम राहते आणि गार ते गार. म्हणजे माझी सगळी करामत मधे काहीच नसण्यात आहे. याचे मला अजूनही नवल वाटते.

मला विकत घेतले ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांच्या पत्नीला बसवर कंडक्टरची नोकरी लागली होती. त्या डेपोतल्या त्या पहिल्याच बाई कंडक्टर, म्हणून सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. मीही तेच म्हणतो.

रोज सकाळी ते गृहस्थ स्वतः चहा करून माझ्यात भरत, बूच दाबून बसवत आणि मला बाईंच्या हाती देत. संध्याकाळी मी रिकामा परत आलो की त्यांचा जीव भांड्यात पडे. दिवसभराच्या दगदगीत बायकोच्या पोटात गरम काहीतरी गेले, असे त्यांना वाटे. खरे काय ते मला ठाऊक होते. तो चहा ड्रायव्हरदादा पीत, तिकीट तपासनीस पीत, थांब्यावर ताटकळलेली एखादी आजीबाई पिई. बाई स्वतः जेमतेम एक घोट घेत, तोही ओठ ओले करण्यापुरता. उन्हाने गाडीचा पत्रा तापला तरी त्या पाण्याला हात लावत नसत. कोणी आग्रह केलाच तर हसून म्हणत, “मला मेलीला तहानच लागत नाही.”

डेपोत याचे फार कौतुक होई. ड्रायव्हरदादा त्यांना चेष्टेने ‘उंटीण’ म्हणत आणि बाईही ते नाव मिरवत. मला मात्र कोडे पडे. मी तर लोकांच्या तहानेवरच जगत आलो होतो. कोणाला तहानच लागत नाही, असे कसे असेल?

पुढे ते गृहस्थ गेले. काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. घरात चहा गॅसवरून थेट कपात यायला लागला आणि माझी गरज उरली नाही. मला कोणी फेकले नाही, हे खरे. पण बूच लावूनच माळ्यावर ठेवले. मित्रांनो, थर्मासचे तोंड बंद करून त्याला विसरण्यासारखा छळ नाही. आत कोंदट वास धरतो, बूच आक्रसते आणि आपण कोणाच्या कामाचे आहोत, हेच आठवेनासे होते.

मला खाली काढले ते बाईंच्या लेकीने. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवण्याचे काम करते. आईने साऱ्या जन्मात बसखेरीज दुसऱ्या कशातून प्रवास केला नाही, याची तिला रुखरुख होती. म्हणून तिने मोठ्या जहाजावरच्या सफरीची दोन तिकिटे काढली होती. खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून तिने मला खळखळून धुतले, उन्हात पालथे घातले आणि नवे बूच आणले. बाई म्हणाल्या, कशाला ते जुनेपुराणे ओझे? लेक म्हणाली, बाबांची वस्तू आहे, येऊ दे की बरोबर.

जहाज म्हणजे काय, हे मला कसे सांगू? आमच्या खोलीत दोन पलंग, एक गोल खिडकी आणि कपाटाएवढे न्हाणीघर. खिडकीबाहेर जमीन नाही, नुसते पाणी. एवढ्या पाण्यात एक थेंबही पिण्याजोगा नाही, हे कळल्यावर मी थक्कच झालो. मग पिण्याचे पाणी येते कुठून? हाच प्रश्न बाईंनाही पडला असावा, कारण त्यांनी पहिल्याच दिवशी पेयांच्या काउंटरवरच्या वाढप्याला तो विचारला. समुद्राचेच पाणी जहाजाच्या पोटात गोडे करून घेतात, असे त्याने सांगितले. बाईंनी तोंडात बोट घातले. लगेच दुसरा प्रश्न, की मग त्यातले मीठ जाते कुठे?

तो वाढपी बोलका होता. मिठाचे उत्तर देऊन झाल्यावर त्याने अलगद पेयांच्या पॅकेजचा विषय काढला. एकदा पैसे भरले की सफर संपेपर्यंत फेसाळ कॉफी, ताजे रस, सरबते, सोडा, बाटलीबंद पाणी, हवे तेवढे प्या. दारूचे पॅकेज वेगळे होते, त्याच्याशी या दोघींना कर्तव्य नव्हते. साध्याच पॅकेजला एक अट होती. एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतले, तर दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे. आणि काय ते दुसऱ्या दिवशी जहाज बंदरातून सुटायच्या आत ठरवायचे.

लेकीला फेसाळ कॉफी जीव की प्राण. ती लगेच विचारात पडली. पण दोघींनी कशाला घ्यायचे, आई तर काही पीतच नाही. ती हळूच बाईंना म्हणाली, अट नसती तर एकीनेच घेतलं असतं आणि एका पेल्यातून दोघी प्यायलो असतो, कोणाला कळलंही नसतं.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “एका तिकिटावर दोघी? अगं, असल्या लोकांना खाली उतरवण्यात माझी हयात गेली.”

वाढप्याला हसू आवरेना. त्या हसण्यावर बाईंच्या प्रश्नांची सरबत्तीच सुटली. अर्धा पेला टाकला तर तो पूर्ण धरतात का? आपण बंदरावर उतरून फिरायला गेलो, तर त्या दिवसाचे पैसे वळते होतात का? तिकिटातच काय काय येते? वाढप्याने काही हातचे न राखता सांगितले. साधे पाणी, साधा चहा, यंत्रातली कॉफी आणि न्याहारीचा रस तिकिटातच येत होता. बंदरावरच्या दिवसाचे मात्र काही परत मिळत नव्हते. मी बाईंच्या पिशवीत बसून कान टवकारले होते. माणसे तहानेचाही असा अंदाज बांधतात, हे मला नवीनच होते.

शेवटी लेकीने तोड काढली. एक दिवस आपण मनाला येईल तसे वागू आणि काय काय पितो ते नुसते ध्यानात ठेवू. मग ठरवू. तिने माझ्यात जेवणघरातल्या नळाचे गार पाणी काठोकाठ भरले आणि मला आईकडे सोपवले.

तो दिवस मौजेचा गेला. लेकीने फेसाळ कॉफी घेतली, मग आणखी एक, मग अननसाचा रस. बाई कठड्याशी उभ्या राहून लाटा बघत होत्या आणि शेजारच्या प्रवाशांना, हे जहाज थांबवायचे झाले तर किती लांबून ब्रेक लावावा लागत असेल, असे विचारत होत्या. संध्याकाळी लेकीने आपली बेरीज सांगितली आणि आईला विचारले, तू काय काय प्यायलीस?

“सकाळचा चहा,” बाई म्हणाल्या. “अर्धा.”

लेकीने माझे बूच काढून आत पाहिले. पाणी जसेच्या तसे होते. ती हसली. मग प्रश्नच मिटला, असे म्हणाली. तुझ्यासाठी पॅकेज म्हणजे उंटिणीला छत्री. दोघी हसल्या. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षे पोटात ठेवलेले कोणाला तरी सांगावे, असे मला फार वाटले. पण मला तोंड असून वाचा नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज एका बंदराला लागले. दोघी उतरून गावात हिंडल्या. ऊन मी म्हणत होते. चढाचा रस्ता, दगडी पायऱ्या, कुठे सावली नाही. लेकीने दोनदा विचारले, दोन्ही वेळा बाईंनी नको म्हटले. परतताना जहाजाच्या शिडीवर त्यांचा हात कठड्यावरून सुटला. त्या खालीच बसल्या. मी पिशवीसकट बाजूला कलंडलो. लेकीने हाका मारल्या, पण त्या ओ देईनात. डोळे उघडे होते आणि नजर कुठेच नव्हती. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मला पडल्या पडल्या तेवढेच दिसत होते.

खलाशांनी बाईंना उचलून दवाखान्यात नेले. जहाजावरची डॉक्टर मध्यम वयाची, मोजके बोलणारी बाई होती. तिने बाईंच्या मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली नाही. शरीर अगदी कोरडे पडले आहे, असे डॉक्टर म्हणाली आणि सलाइन लावले. लेकीने सांगितले, आईला पहिल्यापासून तहानच लागत नाही.

डॉक्टरने बाईंकडेच पाहिले. “लागत नाही, की लागू देत नाही?”

बाईंनी मान वळवली.

दुपारी त्यांना खोलीत सोडले. लेक रडकुंडीला आली होती. आत्ताच जाऊन पॅकेज घेऊन येते, म्हणाली. जहाज सुटायला अजून अवकाश होता. रस, सरबत, नारळपाणी, जे असेल ते समोर आणून ठेवते, म्हणजे तरी तू पिशील. आपल्यामुळे आई जायची वेळ आली, असे तिच्या मनाने घेतले होते. ती दारापर्यंत गेलीसुद्धा.

“बस इथे,” बाई म्हणाल्या. “मला प्यायला मिळत नव्हतं असं कधी झालंच नाही गं. तुझे बाबा रोज थर्मास भरून द्यायचे. पण प्यायल्यावर जायचं कुठे? शेवटच्या थांब्यावर ना खोली ना आडोसा. पुरुष जायचे झाडामागे. मी काय करायचं? पहिल्याच महिन्यात एकदा फार फजिती झाली. गाडी भरलेली होती. त्या दिवसापासून मी पाणी तोडलं.”

लेक खाली बसली. बाबांना माहीत होतं का, असे तिने विचारले.

“त्यांना काय सांगणार? डेपोत तरी कोणाला सांगणार? बाईमाणूस कंडक्टर नको, असं म्हणायला टपलेच होते सगळे. मग मीच म्हणायला लागले, मला तहान लागत नाही. म्हणता म्हणता ती खरंच लागेनाशी झाली.”

मित्रांनो, इतक्या वर्षांचे माझे कोडे सुटले, पण त्याचा आनंद मला झाला नाही.

लेकीने उठून न्हाणीघराचे दार सताड उघडले. ते पलंगापासून हाताच्या अंतरावर होते. तिने माझ्यातले पाणी झाकणात ओतले. बाईंनी पेला हातात घेतला, दाराकडे पाहिले आणि सगळा पेला संपवला. थोड्या वेळाने दुसरा मागितला. मग त्या आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे तर फारच सोयीचं आहे.

पॅकेज त्यांनी घेतले नाही. तिकिटात मिळते तेवढे पाणी बाईंना पुरून उरणार होते आणि लेकीच्या कॉफीचे सुटे पैसे तेवढे जड नव्हते. वाढप्याने काय ठरले म्हणून विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, आम्हाला हवं होतं ते खोलीतच निघालं. बिचाऱ्याला काही उमगले नाही. पुढच्या बंदरांवर उतरताना बाई देवळे-बाजार सोडून आधी स्वच्छतागृह कुठे ते विचारत आणि मग घटाघटा पाणी पीत. लेकीला त्याचे हसूही येई आणि डोळेही भरून येत.

घरी परतल्यावर मला वाटले, आता पुन्हा माळा. पण त्याच आठवड्यात बाईंनी मला पाण्याने भरले आणि त्या आपल्या जुन्या डेपोत गेल्या. आता तिथे बऱ्याच जणी कंडक्टर होत्या. एक तरुण मुलगी तिकिटांचे यंत्र गळ्यात अडकवून गाडीची वाट बघत होती. बाईंनी तिला विचारले, सकाळपासून पाणी किती प्यायलीस? ती मुलगी आधी हसली. मग म्हणाली, मला कामावर असताना तहान लागत नाही.

बाई तिच्याशेजारी बसल्या आणि जे नवऱ्याला सांगितले नव्हते ते त्यांनी त्या अनोळखी मुलीला सांगितले. मग दोघी मिळून डेपो मॅनेजरकडे गेल्या. त्याने बघू म्हटले. पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा गेल्या, तेव्हा बरोबर पाचसहा जणी होत्या आणि लेकही रजा टाकून आली होती. अशा किती खेपा झाल्या, ते मी मोजले नाही. आज एका मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर पत्र्याची खोली उभी आहे, आतून कडी लागणारी. बाकीचे थांबे अजून तसेच आहेत, म्हणून आमच्या खेपा चालूच आहेत.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. तुमच्या घरातला थर्मास काम झाल्यावर धुऊन, बूच काढून पालथा ठेवा. आणि बसमध्ये, दुकानात, शाळेच्या फाटकाशी दिवसभर उभे राहणारे कोणी तुम्हाला भेटले, तर त्यांना पाणी जरूर द्या. त्यांनी ते नको म्हटले, तर ‘यांना तहान लागत नाही’ असे समजून पुढे जाऊ नका. का नको, ते हळूच विचारा.