पंधरा टक्के भरीव

दूधखोलीत सकाळपासून यंत्राच्या पाळीवरून जुंपली होती. पूर्वी तिथं गावाचं दूध जमा व्हायचं. आता कार्यशाळा झाली, पण जुनं नाव काही सुटलं नाही. तीन टेबलं, फळ्या कापणारं एक यंत्र आणि कोपऱ्यात पिंजऱ्यासारखं छापयंत्र. त्यात प्लास्टिकची तार वितळून थरावर थर चढत जायचा आणि बघता बघता वस्तू उभी राहायची. बघता बघता म्हणजे चार तास, आठ तास, कधी अख्खा दिवस. म्हणून तर पाळीची भांडणं.

"पंपाची चकती आधी माझी," माळी म्हणत होता. "झाडं वाळायला लागली."

"तुझी झाडं गेल्या आठवड्यातही वाळतच होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कार्यशाळा त्याच बघायच्या आणि थोरामोठ्यांशीही वर्गातल्या पोरांशी बोलावं तसं बोलायच्या. "आज वहिनींच्या बोटांची पाळी. त्यावर चर्चा नाही."

माळ्यानं मोडकी चकती पिशवीत टाकली. बोटांचा विषय निघाला की सगळेच गप्प व्हायचे. सूतभर तर मान खाली घालून हातातली पट्टी पुसत बसायचा.

सूतभर म्हणजे गावचा सुतार, वहिनीचा धाकटा दीर. हे नाव गावानंच ठेवलेलं. चौकट सूतभर, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी जरी सरकली, तरी हा गडी ती उकलून परत ठोकणार. छापयंत्र आलं तेव्हा साऱ्या गावाच्या आधी तोच शिकला. 'सूतभरनं केलंय' म्हटलं की लोक पुन्हा तपासून बघत नसत.

तीन महिन्यांपूर्वी घरच्या चारा कापायच्या यंत्राची कडी मोडली. हात पात्यात जाऊ नये म्हणून यंत्राच्या तोंडाशी लोखंडी झडप असते, ती या कडीवर तोललेली. "तुझ्या दूधखोलीत होईल की," दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला. होणारच होतं. पण छापयंत्राला आधी सांगावं लागतं, वस्तू आतून किती भरीव पाहिजे. पूर्ण भरीव म्हटली तर अकरा तास, आणि मागं चार माणसं पाळीला ताटकळलेली. सूतभरनं पंधरा टक्के भरीव सांगितली. चार तासांत कडी तयार. वरून दगडासारखी दिसायची, आतून नुसती जाळी. पुढच्या आठवड्यात पक्की करू, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही.

बाराव्या दिवशी कडी तुटली. झडप एका बाजूला लोंबकळली आणि चाऱ्याच्या पेंढीबरोबर वहिनीचा हात आत ओढला गेला. दोन बोटं अर्ध्यावरून गेली. ओरडणं ऐकून पहिला धावला तो सूतभरच. फडकं बांधलं, गाडीत बसवलं, सगळं नीट केलं. आणि त्या गडबडीत कडीचे दोन तुकडे उचलून खिशात घातले. दादा दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परतला तोवर तशीच दुसरी कडी जागेवर होती, या वेळी पूर्ण भरीव.

"मी झडप लावली होती," वहिनी म्हणाली होती.

दादानं झडप गदागदा हलवून दाखवली. "ही बघ, धड आहे. तूच उघडी ठेवलीस. लवकर आटपायची घाई."

चार-आठ दिवस ती सांगत राहिली. मग सांगायची थांबली.

वहिनी नव्या बोटांचं माप द्यायला आली, हात टेबलावर ठेवून बसली. हिनंच याला लहानपणी भरवलं, शाळेचे कपडे शिवून दिले. सूतभर माप घ्यायला वाकला खरा, पण एकच माप तीनतीनदा घेत राहिला.

मास्तरीणबाई हौसेनं समजावत होत्या. त्यांनी नमुन्याचं एक बोट करवतीनं आडवं कापून दाखवलं. "हे बघा, आतून अशी जाळी असते. हलकं राहतं. कितपत भरीव ठेवायचं ते आपण ठरवायचं."

वहिनीनं ते निरखलं. "माझी पूर्ण भरीव करा, भाऊजी. दिवस लागला तरी चालेल. मी वेंधळी बाई, कुठंतरी आपटीन, मोडून ठेवीन."

ती हे हसून म्हणाली. आपलं नाव सांगावं इतक्या सहज. सूतभरला ते सहन झालं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना.

"वहिनी, झडप तुम्ही उघडी ठेवली नव्हती," तो म्हणाला.

मग खिशातून रुमालात बांधलेले दोन तुकडे काढून त्यानं टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. पंधरा टक्के, पाळीची घाई, दुसरी कडी, सगळं. मास्तरीणबाईंनी करवत खाली ठेवली. माळी उगाचच छताकडं बघत राहिला.

वहिनीनं मोडलेली कड बोटानं चाचपली. मग म्हणाली, "रोज ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं होतं, भाऊजी. मीच विसरले असेन म्हणून. नातीला मांडीवर घेतलं तर हे म्हणायचे, दे इकडं, तुझं लक्ष नसतं. मी देऊन टाकायचे."

"मी बोटं अशी करून देतो, की..."

"बोटांचं राहू द्या. घरी चला. यांना सांगा."

दादा गोठ्यात होता. सूतभरनं उभ्या उभ्या सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. दादा चवताळला. शिव्या घातल्या, हातातली पेंढी त्याच्या अंगावर फेकली. सूतभरला बरं वाटलं. पण दादाचा राग पेंढीबरोबरच संपला. तो ओट्यावर बसला, घाम पुसला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मुद्दाम थोडंच केलंस? झालं ते झालं. आपल्या घरातली गोष्ट, बाहेर बोलायचं नाही. मिटलं."

आणि सूतभरला, सांगायला लाज वाटावी असं, एक क्षणभर हलकं वाटलं.

"मिटलं?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "भाऊजींची चूक पेंढी खाली पडायच्या आत मिटली. माझी तर चूकच नव्हती, ती तीन महिने गावभर फिरली. बायका मला विळी देताना सुद्धा जपून देतात."

दादा यंत्राकडं बघत बसला.

सूतभर बाहेर पडला. पहिला शेजारी, मग गल्लीतलं एकेक घर, मग शिंपी, मग पिठाची गिरणी. दारात उभं राहून सांगायचं, चूक माझी, वहिनीची नव्हती, मी लपवलं. पहिल्या घरी जीभ अडखळली. पाचव्या घरी सुटली. आणि सातव्या घराच्या आसपास काहीतरी बिघडायला लागलं. शिंप्याच्या म्हातारीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गिरणीवाला म्हणाला, "आजकाल एवढं कोण कबूल करतं? तुझ्यासारखा माणूस मिळायचा नाही." दिवे लागेपर्यंत गावात सूतभरच्या खरेपणाचं कौतुक सुरू झालं होतं. लोक ज्याला त्याला तेच सांगत होते.

तो घरी आला तेव्हा वहिनी नातीला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती.

"सांगितलंत?"

"सगळ्यांना."

"काय म्हणाले?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण ते आजवर पुष्कळ झालं होतं.

"माझं कौतुक केलं," तो म्हणाला.

"आणि माझ्याविषयी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. वहिनीनं नातीच्या कपाळावरचे केस उरलेल्या बोटांनी मागं सारले.

"मग उद्या परत जा," ती म्हणाली.