भरला प्याला

कोण बोलतंय म्हणून इकडंतिकडं बघू नका. खिडकीखाली बघा. पितळेचा, पोटाला पोचे आलेला, तोटी गळणारा जो म्हातारा दिसतोय तो मी. समोवर. तुमच्याकडच्या बंबाचा लांबचा भाऊ समजा. फरक एवढाच, की बंबाच्या पाण्यानं अंघोळ करतात आणि माझ्या पाण्याचा चहा पितात. मला अक्षर येत नाही. पण किरगिझ मुलखात, बिश्केकच्या एका विद्यापीठात, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या विभागाच्या बैठकीच्या खोलीत माझी हयात गेली. ऐकून ऐकून जेवढं कळलं तेवढं कळलं. आणि सध्या मी रागात आहे. राग निवायची वाट बघत बसलो तर सांगायचंच राहून जाईल.

जन्म रशियातला. कारखान्यात बडवून बडवून माझं पोट गोल केलं, कान लावले, तोटी लावली आणि पेंढ्यात गुंडाळून या डोंगरांच्या देशात पाठवून दिलं. इथं दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. तिथून मला ओस्कोनबाय नावाच्या एका लुकड्या तरुणानं उचललं. विद्यापीठात तेव्हा पहिलं गणकयंत्र आलं होतं, खोलीभर पसरलेलं, सदा घरघरणारं. ते बंद पडलं की माणसं त्याच्याभोवती तोंड पाडून बसायची आणि मग मी लागायचो. मी कधी बंद पडलो नाही. पण मला कुणी हार घातला नाही, त्या घरघऱ्याला घातला.

ओस्कोनबाय सगळ्यांत लहान, म्हणून चहा तोच ओतायचा. इथली रीतच आहे. खोलीत जो वयानं लहान, तो माझ्या तोटीपाशी बसतो, चहादाणीतला कडक चहा आणि वर माझं गरम पाणी असं ओततो, प्याले फिरवतो आणि बोलत नाही. दारासमोरची मानाची जागा सगळ्यांत थोराची. आणि प्याला कधी भरायचा नाही. अर्धा द्यायचा, जमलं तर त्याहून कमी. त्यात कंजूषपणा नाही. अर्धा म्हणजे बसा, संपला की पुन्हा देतो, अजून तुमच्याशी बोलायचंय. ज्याला काठोकाठ भरून दिला त्याला सांगितलं, की बाबा, हा पी आणि चालू लाग. इथलं शेंबडं पोरसुद्धा पाहुण्याचा प्याला भरत नाही. माझ्या हयातीत मी तसा प्याला एकदाच पाहिला, आणि तो माझ्याच तोटीतून भरला गेला.

त्या जुन्या काळात सगळं रशियनमधून शिकवायचे. नारीनकडच्या डोंगरातून पोरं यायची, मागच्या बाकावर दगडासारखी बसायची आणि हिवाळा लागला की गुपचूप गावी परत जायची. भाषा येत नाही म्हणजे डोकं नाही, असा सगळा कारभार. ओस्कोनबाय ते बघायचा आणि चहा ओतायचा. बोलायची पाळी त्याची नव्हती.

पुढं देश वेगळा झाला, ओस्कोनबायचे केस पांढरे झाले, लोक त्याला आगाय म्हणू लागले, म्हणजे गुरुजी. मग त्यानं एकच काम केलं, पण नेटानं केलं. पदवीच्या अटींत एक विषय घातला. त्याला सगळे ‘पायाचा तास’ म्हणायचे. पहिलं अर्धं वर्ष, किरगिझ भाषेत, मशीनला हात लावायच्या आधी. मेंढीच्या घोट्याची हाडं घेऊन, हो, गावची पोरं अंगणात ज्यांनी खेळतात तीच हाडं. हाड उभं पडलं तर एक, आडवं पडलं तर शून्य. मशीनला एवढंच कळतं, म्हणायचा, बाकी सगळा तुमचा खेळ. हाडं खेळत खेळत पोरं मशीनपर्यंत पोचायची. आणि हा तास पास झाल्याशिवाय पदवी नाही, मग तो मंत्र्याचा मुलगा असो नाहीतर मेंढपाळाचा.

त्यातच बुरुल आली. मेंढपाळाची पोर. मशीनपुढं बसली त्या पहिल्या दिवशी तिनं एक कळ दाबली आणि तापलेल्या तव्याला बोट लागावं तसा हात मागं घेतला. सगळे हसले होते. पुढं तीच पोर पहिली आली, विभागात शिकवायला लागली आणि आगाय थकल्यावर पायाचा तास तिच्याकडे आला. विभागात ती सगळ्यांत लहान, तेव्हा माझी तोटीही तिच्याकडे आली. हात हलका. तिनं मला कधी आदळलं नाही.

आता कुबातबेक. विभागप्रमुख. माणूस शहरातला, बूट चकचकीत, घड्याळ मनगटापेक्षा मोठं. कुठल्याशा परदेशी परिषदेला जाऊन आला तो गळ्यातला बिल्ला काढेनाच. बैलाला झूल घातल्यावर बैल जसा मान हलवतो, तसा मान हलवत बोलायचा. त्यानं जाहीर केलं की पदवीच्या अटी बदलायच्या. चांगली गोष्ट आहे, बदला. मी काही जुनं तेवढं सोनं म्हणणारा नाही. माझ्याच पोटात आधी कोळसा होता, नंतर विजेची सळई बसवली, धूर गेला, बरं झालं. पण सळई बसवताना माझं बूड कुणी कापून काढलं नाही.

हा कुबात बूडच कापायला निघाला होता. कृत्रिम बुद्धीचे चार विषय आत घ्यायचे, पहिल्या दिवसापासून इंग्रजीत शिकवायचे आणि जागा करायची म्हणून पायाचा तास काढून टाकायचा. म्हणाला, आता प्रोग्राम मशीनच लिहितं, हाडं कसली खेळताय, जग हसेल. अटी ठरवणाऱ्या समितीची बैठक ती, बाकीचे बोरसोक खात होते. तळलेले गोळे जॅममध्ये बुडवायचे आणि माना डोलवायच्या. ज्यांनी आयुष्यात नारीनचा घाट पाहिला नाही ते तिथल्या पोरांची वाट बंद करत होते, आणि तोंडाला जॅम लागलेला. मला त्या खोलीत पाय फुटले असते तर बरं झालं असतं.

आगाय मानाच्या जागेवर बसला होता. कान गेलेले. निवृत्त झालाय, पण थोर माणूस नाही तर बैठकीला शोभा नाही, म्हणून त्याला आणून बसवायचे. फुलदाणी आणतात तसं.

बुरुलच्या हातात चहादाणी होती. तिनं ती खाली न ठेवताच तोंड उघडलं. म्हणाली, “कुबात आगाय, गावाकडून येणारी पोरं मग पहिल्या दिवशी...”

“चहा निवतोय, बुरुल,” कुबात म्हणाला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग ओस्कोनबायच्या कानाशी वाकून ओरडला, “आगाय, बाता द्या.”

बाता म्हणजे थोराचा आशीर्वाद. थोर माणूस तळवे उघडतो, चार भले शब्द बोलतो, तोंडावरून हात फिरवतो, मागोमाग सगळे फिरवतात आणि उठतात. बाता झाल्याशिवाय उठायचं नाही, आणि बाता झाल्यावर तोच विषय पुन्हा काढायचा नाही. म्हाताऱ्याला वाटलं चहा संपला. त्यानं तळवे उघडले. पोरांची वाट मोकळी राहो, म्हणाला. तोंडावरून हात फिरवला.

स्वतःच्याच तासावर स्वतःच माती लोटली आणि हसत हसत उठला. बाहेर व्हरांड्यात कुबातचा आवाज ऐकू येत होता, सगळ्यांना सांगत होता की खुद्द आगायनं आशीर्वाद दिला. थोरांचा मान, थोरांचा मान म्हणून छाती बडवतात ना, तो मान कशाला राखतात ते मी त्या दिवशी पाहिलं. झाकण म्हणून वापरायला.

खोली रिकामी झाली. बुरुलनं प्याले विसळले, कपाट उघडलं आणि हाडांची पिशवी खोक्यात भरायला लागली. तेवढ्यात म्हातारा परत आला. टोपी विसरला होता.

“ही कुठं निघाली?” त्यानं पिशवीकडे बोट केलं.

बुरुल त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी गेली आणि सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं. रडवेल्या माणसाला ओरडायला लागणं यासारखी वाईट गोष्ट नाही. म्हातारा खुर्चीवर टेकला.

“त्याच्यावर मी बाता दिली?”

तिनं पिशवीचं तोंड बांधलं.

“दिलेली बाता परत घेता येत नाही, पोरी,” तो म्हणाला. बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत बसला. मग जाताना मला थोपटून गेला. मला वाटलं, संपलं.

पण एक बैठक उरली होती. बदललेल्या अटी वाचून दाखवायच्या, सह्या करायच्या आणि वर पाठवायच्या. त्या दिवशी कुबात नवा कोट घालून आला. चहा सुरू झाला. बुरुलनं आगायला अर्धा प्याला दिला. शेजारच्याला अर्धा. त्याच्या पलीकडे एदिल नावाचा मास्तर, त्यालाही अर्धा. मग कुबातचा प्याला तिनं माझ्या तोटीखाली धरला आणि तोटी बंदच केली नाही. पाणी काठाला आलं, काठावर फुगलं. एक थेंब जास्त असता तर सांडलं असतं. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, उजवा हात पुढं, रीतीप्रमाणे, आणि त्याच्यासमोर ठेवला.

बोरसोक खाणारी तोंडं थांबली.

“हात थरथरला वाटतं,” कुबात म्हणाला.

“नाही,” बुरुल म्हणाली. “थरथरला असता तर सांडला असता.”

एदिलला हसू आलं ते त्यानं जॅममध्ये दाबलं. कुबातचा चेहरा माझ्यासारखा पितळी झाला. आता करणार काय? उठून गेला, तर भरला प्याला स्वीकारला असा अर्थ. बसून राहिला, तर समोर तो प्याला सगळ्यांना दिसतोय. त्यानं जुनी युक्ती काढली, आगायच्या कानाशी वाकला आणि ओरडला की बाता द्या, उठू या.

म्हाताऱ्यानं प्याल्याकडे बघितलं. कान गेले होते, डोळे नव्हते गेले.

“एवढा प्याला भरलेला असताना कसली बाता?” तो म्हणाला. “पी तू सावकाश.”

आणि मग तो उठला. मानाच्या जागेवरून उठून, भिंत धरत धरत, माझ्यापाशी आला आणि तोटीजवळच्या स्टुलावर बसला. सगळ्यांत लहानाच्या जागेवर सगळ्यांत म्हातारा. खुर्च्या करकर वाजल्या, सगळे अर्धवट उभे राहिले, बसा आगाय, हे काय आगाय. त्यानं बुरुलच्या हातातली चहादाणी काढून घेतली.

“मी ओततो. मला सवय आहे. ज्याच्या हातात चहादाणी नाही त्यानं बोलायचं, असंच ना? बोल पोरी.”

बुरुल उभी होती. रिकामे हात कुठं ठेवावे ते तिला कळेना. मग म्हणाली, “मी मशीनपुढं पहिल्या दिवशी कळ दाबून हात मागं घेतला होता. तुमच्यातले दोघं तेव्हा हसले होते. वरती हवे तेवढे मजले बांधा, मी आडवी येणार नाही, मलाही ते शिकायचेत. पण जिना काढू नका. शहरातल्या पोरांना जन्मापासून लिफ्ट आहे. आम्ही जिन्यानं आलो.”

कुबात म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला की हे सगळं भावनेचं झालं, बाता झालेली आहे, विषय संपलेला आहे.

“मी पोरांच्या वाटेला बाता दिली,” म्हातारा माझी तोटी सोडत म्हणाला. “वाट मोकळी राहो म्हणालो. तू कुठल्या वाटेवर सही मागतोयस ते वाच.”

आणि त्यानं पुढची बाता दिलीच नाही. बाता नाही म्हणजे उठायचं नाही. तो ओतत राहिला. अर्धा प्याला, पुन्हा अर्धा प्याला. कुबातचा फोन टेबलावर थरथरत होता, त्याला कुठं जेवायला जायचं होतं. बाकीच्यांचे फोन थरथरत नव्हते, पण इतका चहा प्यायल्यावर माणसाला कुठं जावंसं वाटतं ते मी सांगायला नको. माझ्यात पुन्हा पाणी घातलं. मी आनंदानं उकळलो. असा उकळलो की झाकण नाचायला लागलं. शेवटी एदिलच म्हणाला की राहू द्या ना तो तास, चार नव्या विषयांतला एक पुढच्या वर्षी घालू. मग दुसरा म्हणाला. मग तोंडाला जॅम लागलेले सगळेच म्हणाले. पटलं म्हणून नाही हो. मुतायला जायचं होतं म्हणून. माणसाची अक्कल कुठल्या वाटेनं येईल सांगता येत नाही.

कुबातनं पायाचा तास परत लिहिला. पेन कागदात रुतत होतं. मग त्याला तो गार झालेला भरला प्याला प्यावा लागला, तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं तळवे उघडले.

त्याचा सूड माझ्यावर निघाला. आठवड्याभरात खोलीत पांढरं यंत्र आलं. बटण दाबा, कागदी कपात गरम पाणी. ज्याचं त्यानं घ्यावं, कुणी कुणाला ओतायचं नाही. मला जिन्याखाली टाकलं, मेलेल्या कॉम्प्युटरांच्या ढिगात. तिथून बुरुलनं मला उचललं, तुम्ही बंब चिंचेनं घासता तसं लिंबानं घासलं, आणि इथं तळमजल्यावर तिच्या वर्गात ठेवलं. समोर पोरं जमिनीवर हाडं टाकतायत. एक आडवं, एक उभं. नारीनचा एक पोरगा आत्ताच आपल्या बोटांकडे बघत बसलाय, मशीनला हात लावू की नको म्हणून. लावेल.

पण माझा राग गेलेला नाही. कुबात पुढच्या वसंतात अटी पुन्हा बदलणार आहे, आणि यावेळी बैठक घेणारच नाही. सगळ्यांनी घरी बसून फोनवर ‘मान्य’ दाबायचं. ना चहा, ना मानाची जागा, ना बाता. त्याला वाटतं प्याला नसला की भरता येत नाही. आगाय आता घराबाहेर पडत नाही, म्हणून ही सोय.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्याकडेही असतील असे, जॅम लावलेल्या तोंडानं माना डोलवणारे. पोरांचा जिना काढायला बसतील तेव्हा त्यांना घरी बसून ‘मान्य’ दाबू देऊ नका. एका खोलीत आणा. समोर बसवा. आणि ज्याच्या हातात चहादाणी आहे त्याला आधी बोलू द्या.

तो कुबात इथं तळमजल्यावर आला तर माझी तोटी बंद होणार नाही. तुम्ही मात्र बसा. प्याला पुढं करा.

अर्धाच देतोय.